वाचनालयातली पुस्तकं स्कॅन करायची, पण कुणासाठी? कॉपीराइट कायद्यात नेमकं काय बसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे आणि शेजारच्या महाविद्यालयाचे विद्यार्थीही तिथे येतात. जुन्या पुस्तकांचे कागद ठिसूळ झाले आहेत, म्हणून ती स्कॅन करून वेबसाइटवर टाकावीत असं कार्यकारिणीला वाटतं. प्राध्यापकांना प्रकरणांच्या पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर हव्या आहेत. एका अंध विद्यार्थिनीला अभ्यासक्रमातली पुस्तकं ऐकायची आहेत. यातलं काय करता येईल आणि कशासाठी परवानगी लागेल?

बरंच काही परवानगीशिवाय करता येतं. ग्रंथपाल समजतात त्याहून आपला कायदा उदार आहे. मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मधली प्रत्येक सवलत एका ठरावीक हेतूला बांधलेली आहे. जतनासाठी घेतलेला स्कॅन वर्गात वाटला, किंवा अंध वाचकासाठी केलेलं ध्वनिमुद्रण यूट्यूबवर चढवलं, की सवलत तिथेच संपते. म्हणून स्कॅनर सुरू करण्याआधी प्रत्येक पुस्तकापुढे एकच गोष्ट लिहून ठेवा: हे कुणासाठी आणि कशासाठी करतो आहोत. माझ्या पाहण्यात अडचणीत आलेल्या बहुतेक प्रकल्पांत हीच नोंद नव्हती.

जतनापासून सुरुवात करू. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(एन) आलं. अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाजवळ एखाद्या कृतीची कागदी प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक साठवण करता येते. लेखक हयात असला, पुस्तक बाजारात मिळत असलं तरीही चालतं. ‘अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय’ याची व्याख्या कायद्यात दिलेली नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता असलेलं वाचनालय त्यात बसतं असं मानायला मला अडचण दिसत नाही. वर्गणी आणि अनामत घेतल्याने ते व्यापारी होत नाही. फक्त स्वतःच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयीन ग्रंथालयाबाबत मात्र वाद होऊ शकतो. त्यामुळे महाविद्यालयाने जतनाचं काम सार्वजनिक वाचनालयाशी करार करून त्याच्याच प्रतींवर करावं, हे अधिक सुरक्षित.

आणखी एक वेगळी सवलत आहे, कलम ५२(१)(ओ). पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर ग्रंथपालाच्या देखरेखीखाली ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. ठिसूळ पुस्तकाची झेरॉक्स बांधून घेऊन ती देवघेवीला ठेवायची आणि मूळ प्रत कपाटात, यासाठी हीच तरतूद. ‘विकत मिळत नाही’ याचा पुरावा त्याच दिवशी तयार करा: प्रकाशकाला पाठवलेली ईमेल, दोन-तीन विक्रेत्यांकडे केलेली चौकशी, ऑनलाइन दुकानांतल्या शोधाची तारखेसह छापील प्रत. हे कागद दाखल क्रमांकाच्या फाइलला लावा. पाच वर्षांनी कुणी विचारलं तर आठवणीवर विसंबून राहावं लागत नाही.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात सांगतो. मजकुरासाठी ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरतं. बारीक टाइपाच्या तळटीपा असतील तर ४०० घ्या. ए-५ आकाराचं एक पान ३०० डीपीआयला रंगीत, न दाबलेल्या टिफमध्ये (चित्राची आकार न घटवलेली फाइल) सुमारे १३ एमबी होतं, म्हणजे ३०० पानांचं पुस्तक जवळपास ४ जीबी. करड्या छटेत ते एक तृतीयांशावर येतं. पण कागदावर डाग, शिक्के किंवा हस्ताक्षरातल्या टिपा असतील तर रंगीतच ठेवा, नाहीतर जांभळा शिक्का आणि अक्षर एकमेकांत मिसळतात. टिफ ही मूळ प्रत, पीडीएफ-ए (दीर्घकाळ साठवणीसाठीचा पीडीएफचा प्रकार) ही वाचायची प्रत. तीन जागी ठेवा, त्यातली एक इमारतीबाहेर, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा अंकी ठसा) काढून वर्षातून एकदा पडताळा. बांधणी घट्ट असेल तर पुस्तक सपाट दाबू नका, पाठ फुटते. ९० अंशांच्या पाळण्यात (अर्धवट उघडं पुस्तक टेकवायचा व्ही आकाराचा आधार) ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपा.

आता कार्यकारिणीच्या मनातली वेबसाइट. जतनाची सवलत फक्त साठवणीची आहे. ती फाइल लोकांना उपलब्ध करून देणं हा कलम १४ मधला स्वतंत्र हक्क आहे. ती प्रत्यक्षात कुणी उघडली की नाही हे गौण, नुसतं खुलं ठेवणंही त्यात येतं. टेलिग्राम चॅनेल आणि ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ असं ठेवलेलं गूगल ड्राइव्ह ही दोन्ही त्यातच. वाचनालयातल्याच एका संगणकावर जतनप्रत वाचायला द्यावी का, यावर कायदा गप्प आहे. माझं मत: मूळ प्रत हाताळण्याजोगी राहिली नसेल, एका प्रतीमागे एकाच वेळी एक वाचक असेल, पेनड्राइव्ह व प्रिंटची सोय बंद असेल, तर ही भूमिका न्यायालयात मांडता येण्याजोगी आहे. घरी मोबाइलवर ‘उसनी’ देणं मात्र वेगळं. अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्हने एका कागदी प्रतीमागे एक डिजिटल प्रत या हिशेबाने पुस्तकं दिली. चार प्रकाशकांच्या दाव्यात ते २०२३ मध्ये हरले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही. तो निकाल आपल्याला बांधील नाही. पण आपल्या कायद्यात अशा उसनवारीची वेगळी सवलत नसताना कर्ज काढून ती यंत्रणा उभारू नका.

वेबसाइटवर बिनधास्त टाकता येतात ती कॉपीराइटची मुदत संपलेली पुस्तकं, आणि जुन्या वाचनालयाचं खरं धन तिथेच आहे. नियम असा: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. दोन लेखक असतील तर शेवटी गेलेल्याची तारीख धरायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०११ पासून खुलं आहे. वि. दा. सावरकर १९६६ मध्ये गेले, त्यांचं १ जानेवारी २०२७ ला खुलं होईल. आचार्य अत्रे १९६९, म्हणजे १ जानेवारी २०३०. वि. स. खांडेकर १९७६, म्हणजे २०३७. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचं साल इथे उपयोगाचं नाही. ‘पुस्तक ६० वर्षं जुनं झालं की मोकळं’ हा समज कार्यकारिणीच्या बैठकांत हमखास ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. प्रकाशनाचं साल मोजायचं ते निनावी किंवा टोपणनावाच्या लेखनासाठी (लेखकाची ओळख उघड झालेली नसेल तर), सरकारी प्रकाशनांसाठी, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या लेखनासाठी.

या शेवटच्या प्रकारात फसगत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांचं सगळं २०१७ पासून खुलं असं धरलं जातं. हयातीत छापलेल्या ग्रंथांपुरतं ते बरोबर आहे. पण राज्य शासनाच्या खंडमालेत काही लेखन प्रथमच प्रसिद्ध झालं. चौथ्या खंडातलं, १९८७ मध्ये प्रथम छापलेलं हिंदू धर्मातल्या कोड्यांविषयीचं लेखन मृत्यूनंतरचं प्रकाशन आहे, त्याची मुदत २०४७ अखेर संपते. लेखक एकच, तरी दोन पुस्तकांच्या तारखांत एकतीस वर्षांचं अंतर.

दुसरा सापळा पुस्तकाच्या आतल्या थरांचा. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. मृत्यूचं साल धरा किंवा प्रकाशनाचं, २०१३ पासून कविता खुल्या आहेत. पण त्याच पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे, आणि ती २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. म्हणजे आज कविता वेबसाइटवर ठेवायच्या आणि प्रस्तावनेची पानं वगळायची किंवा त्यांची परवानगी काढायची. मुखपृष्ठ आणि आतली चित्रं यांचंही तसंच: चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांची चित्रं २०३२ पर्यंत थांबतील. अनुवादकाचा हक्क मूळ लेखकापासून वेगळा, संपादकाच्या टिपांचा वेगळा. याउलट एक दिलासा: नुसत्या पानाच्या मांडणीला आपल्याकडे हक्क नाही. खुल्या झालेल्या कादंबरीची गेल्या वर्षीची आवृत्ती स्कॅन केली आणि नवी प्रस्तावना, टिपा, चित्रं वगळली, तर आतला मजकूर खुलाच राहतो. आवृत्तीवर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असं छापलेलं असलं म्हणून मुदत संपलेला मजकूर पुन्हा संरक्षित होत नाही.

दिवाळी अंक आणि मासिकं सर्वांत अवघड. बाहेरच्या लेखकाने अंकाला दिलेल्या लेखाचा हक्क बहुधा लेखकाकडेच राहतो, संपादक आणि मालक मिळूनही पूर्ण अंकाची परवानगी देऊ शकत नाहीत. १९५५ च्या अंकात वीस लेखक असतील तर वीस मृत्युवर्षं शोधावी लागतात. यात वेळ घालवण्यापेक्षा अंकांची जतनप्रत करा आणि वेबसाइटवर फक्त लेखवार सूची द्या: लेख, लेखक, अंक, पान. शीर्षकं आणि नावं देण्याला कुणाची परवानगी लागत नाही. संशोधकाला अर्धी मदत सूचीनेच होते. मराठी नियतकालिकांच्या अशा सूच्या अजून फार थोड्या आहेत आणि हे काम प्रत्येक वाचनालयाने हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

प्राध्यापकांच्या पीडीएफकडे येऊ. कलम ५२(१)(आय) प्रमाणे शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला कोणत्याही कृतीची प्रत करता येते; प्रश्नपत्रिका आणि उत्तरं यांतही. या तरतुदीचा आवाका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठावर आणि त्याच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला होता. अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे संच तिथे झेरॉक्स होऊन विकले जात. सप्टेंबर २०१६ मध्ये एकल पीठाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने तत्त्व कायम ठेवलं: शिकवण्याचा ओघ म्हणजे फक्त तासाची घंटा ते घंटा नव्हे, आणि किती पानं चालतात हे शिकवण्याच्या गरजेवरून ठरेल, टक्क्यांवरून नाही. संचांतला मजकूर खरोखर त्या शिक्षणासाठी आवश्यक होता का, अख्खी पुस्तकं चालतील का, एवढे मुद्दे त्यांनी पुन्हा तपासायला पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला आणि मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखक-प्रकाशकांच्या हक्क-संघटनेचं अपील दाखल करून घेतलं नाही. मुंबई उच्च न्यायालयावर हा निकाल बंधनकारक नाही, पण त्याचं वजन मोठं आहे.

‘दहा टक्के पुस्तक चालतं’ हे जे सर्रास सांगितलं जातं, ते आपल्या कायद्यात कुठेही नाही. तुमच्या नियमावलीत ते लिहिलेलं असेल तर काढून टाका, कारण त्याने दोन्हीकडून नुकसान होतं. लागणारं प्रकरण पुस्तकाच्या पंधरा टक्के असलं की विद्यार्थ्याला नकार मिळतो, आणि कुणी कारण नसताना नऊ टक्के वाटलं तर ते आपोआप कायदेशीर समजलं जातं.

हा निकाल झेरॉक्सबद्दल आहे. डिजिटल वाटपाला तो जसाच्या तसा लावता येईल असं मी म्हणणार नाही, पण तर्क लागू पडतो, जर वाटप वर्गापुरतं राहिलं तर. म्हणून मूडल किंवा गूगल क्लासरूम यांसारखी ऑनलाइन वर्गाची प्रणाली वापरा, नोंदवलेल्या विद्यार्थ्यांनाच प्रवेश द्या, सत्र संपल्यावर मजकूर बंद करा. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर विषय, वर्ग, सत्र, शिक्षकाचं नाव आणि पूर्ण संदर्भ असू द्या. उतारे अभ्यासक्रमातल्या वाचनयादीशी जुळले पाहिजेत. अख्खं क्रमिक पुस्तक बाजारात १८० रुपयांना मिळत असताना त्याची पीडीएफ फिरवणं या सवलतीत बसवायला जाऊ नका. व्हॉट्सॲप ग्रुप टाळावा याचं कारण साधं आहे: ग्रुपवरची फाइल पुढे पाठवली जाते, माजी विद्यार्थी त्यात वर्षानुवर्षं राहतात, आणि मग ‘वर्गापुरतं’ हे सिद्ध करता येत नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या बाबतीत तर त्यांच्या संकेतस्थळाचा दुवा द्या. पीडीएफ तिथे मोफत आहेत, तुमच्या साइटवर पुन्हा चढवायचं कारण नाही.

एकट्या वाचकाने अभ्यासासाठी एखादा लेख किंवा प्रकरण मागितलं तर कलम ५२(१)(ए) मधला खासगी वापर व संशोधन हा आधार आहे. छापील अर्ज घ्या: नाव, सभासद क्रमांक, लेखाचा तपशील, हेतू, सही. एका अर्जावर एक प्रत, एका अंकातला एक लेख. अर्जांचा गठ्ठा तीन वर्षं सांभाळा. कपाटातल्या अप्रकाशित पत्रांना आणि हस्तलिखितांना वेगळा नियम आहे: लेखक कोण हे माहीत असेल, तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं झाल्यावरच संशोधनासाठी किंवा प्रकाशनासाठी नक्कल देता येते.

अंध विद्यार्थिनीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, आणि नेमक्या इथेच ग्रंथालयं विनाकारण थांबतात याचं वाईट वाटतं. कलम ५२(१)(झेडबी) प्रमाणे अपंग वाचकासाठी कोणत्याही कृतीची वाचता येण्याजोगी प्रत करता येते. ना परवानगी, ना मानधन. पुस्तक या वर्षीचं असलं, पूर्ण असलं तरी चालतं. शासनमान्य ग्रंथालय व शिक्षणसंस्था यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. नफा घ्यायचा नाही, फार तर खर्च वसूल करायचा, आणि प्रत सर्वसाधारण बाजारात जाणार नाही याची वाजवी काळजी घ्यायची. फक्त दृष्टिहीनच नव्हे. पुस्तक हातात धरता न येणारा किंवा वाचन-अक्षमता असलेला विद्यार्थीही यात येतो. अंध व छापील मजकूर वाचता न येणाऱ्या वाचकांसाठीचा माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारतच होता, २०१४ मध्ये.

काम असं करा. आधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन संग्रहात ते पुस्तक आहे का पाहा. नसेल तर प्रकाशकाकडे मूळ फाइल मागा. पण मराठी प्रकाशकाकडून ती बहुधा पेजमेकर या जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये येते आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) तिच्यातून निरर्थक रोमन अक्षरं वाचतो. आधी फाँट-परिवर्तकातून युनिकोड करा, मग रफार, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि पाऊण ‘य’ची जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथेच मोडतोड होते. फाइल मिळाली नाही तर स्कॅन करून टेसरॅक्ट या, चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं मराठी मॉडेल चालवा. स्वच्छ छपाईवर ते चांगलं चालतं. खिळ्यांच्या जुन्या छपाईत अनुस्वार गळतात, ‘घ’ चा ‘ध’ होतो आणि ‘भ’ चा ‘म’. मथळ्यांना मथळ्याची शैली द्या, म्हणजे विद्यार्थिनीला प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते. पानक्रमांक ठेवा, नाहीतर परीक्षेत संदर्भ देता येत नाही. शेवटी ईपब (ई-पुस्तकाच्या रूपातली फाइल) करा. फाइल देताना अपंगत्व प्रमाणपत्राची प्रत आणि ‘पुढे देणार नाही’ असं एका ओळीचं हमीपत्र घ्या. स्वयंसेवकांनी वाचून ध्वनिमुद्रण केलं तरी नियम तोच. चांगल्या हेतूने ते यूट्यूबवर ठेवणारे अनेक गट आहेत, आणि त्या क्षणी ते सवलतीबाहेर जातात.

प्रकाशकाने नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप घातलेल्या ई-पुस्तकाचं काय? कलम ६५ए मधला गुन्हा हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडण्याचा आहे. कायद्याने मनाई नसलेल्या हेतूसाठी केलेली कृती त्यातून वगळली आहे. मात्र हे काम बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलं तर त्याने कुणासाठी आणि कशासाठी याची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, अशी अट आहे. विकत घेतलेल्या डेटाबेसची गोष्ट निराळी, तिथे करार बोलतो. सही करण्याआधी बाहेरून आलेल्या वाचकाला प्रवेश, घरून लॉगिन आणि वर्गणी थांबल्यावर जुन्या अंकांचं काय, ही तीन कलमं वाचा. एखाद्या विद्यार्थ्याने सॉफ्टवेअर लावून शेकडो लेख ओढले की प्रकाशक पूर्ण आवाराचा प्रवेश बंद करतो, हे नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगा.

उरली ती पुस्तकं ज्यांची मुदत बाकी आहे, बाजारात मिळत नाहीत आणि वाचकांना हवी आहेत. त्यांना एकच वाट, वारसांची लेखी संमती. बहुतेक वारस आनंदाने देतात. चूक होते ती पत्रात. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि तुमची वेबसाइट तर लंडनमध्येही उघडते. संमती मिळून वर्षभरात वापर झाला नाही तर ती संपुष्टात येऊ शकते, आणि स्कॅनिंगला वर्ष सहज लागतं. म्हणून पत्रात पुस्तकांची यादी आवृत्तीसह, ‘जगभर’, ‘हक्काची मुदत संपेपर्यंत’, ‘विनामूल्य’, ‘वर्षभरात वापर न झाल्यास संमती रद्द होणार नाही’ हे शब्द हवेत, आणि सगळ्या वारसांच्या सह्या. मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत जोडा. प्रकाशकाशी झालेला जुना करारही मागून घ्या. त्यात सगळे हक्क कायमचे दिलेले असतील तर वारसांची सही पुरणार नाही. वारसच सापडत नसतील तर कलम ३१ए खाली अर्ज करता येतो. हे काम पूर्वी बौद्धिक संपदा अपीलीय मंडळाकडे होतं, ते मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून न्यायालयाकडे गेलं. आधी देशभर खप असलेल्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. एका पुस्तकासाठी तो खर्च परवडत नाही, शेदीडशे पुस्तकांचा संग्रह असेल तरच विचार करा.

साइट सुरू करताना तक्रारीसाठी एक ईमेल पत्ता आणि ती पाहणारा एक माणूस नेमा. लेखी आक्षेप आला की वाद न घालता ते पान ३६ तासांच्या आत बंद करा, मग नोंदवहीतून त्या पुस्तकाचा आधार काढा: मृत्युवर्ष, संमतीपत्र किंवा सवलतीचं कलम. आधार पक्का असेल तर तसं उत्तर द्या आणि २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर पान पुन्हा उघडा.